फॉर्म सोळाचा फेरफार

सातबाऱ्यावर आजोबांचे नाव 'रामाजी'ऐवजी 'रामजी' पडले, म्हणून कोणी शेतकरी घरी बसून त्यावर पेनाने काना काढत नाही. हातातला कागद नुसता उतारा आहे, मूळ नोंद सरकारदप्तरी आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते. तहसीलदारांकडे अर्ज, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा आदेश, मग फेरफार आणि शेवटी नवा उतारा, असा तो रस्ता. चपला झिजल्या तरी दुसरी वाट नाही.

त्याच शेतकऱ्याचा मुलगा नागपुरात हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरी करतो. जूनच्या मध्यावर त्याच्या हाती फॉर्म १६ येतो, त्यात चूक दिसते, आणि तो अकाउंट्सवाल्याला म्हणतो, "तेवढा आकडा दुरुस्त करून नवीन प्रिंट देऊन द्या न, भाऊ." भाऊ मान हलवतो. मुलाला वाटते, हा टाळाटाळ करतो आहे. पण भाऊंचा नाइलाज असतो. फॉर्म १६ हासुद्धा उताराच आहे आणि त्याचे दप्तर हिंगण्यातही नाही, नागपुरातही नाही.

दप्तर कुठे आहे?

पगारातून कर कापला की त्याचे प्रमाणपत्र नोकरदाराला द्यायचे, हे १९६१च्या आयकर कायद्याचे कलम २०३. आर्थिक वर्ष संपल्यावर १५ जूनपर्यंत ते द्यावे लागते. पूर्वी कंपनीचा लेखापाल ते टाइप करून सही-शिक्का मारून देत असे. त्या काळी चूक सापडली तर खरोखरच नवा कागद टाइप करून मिळायचा, आणि आजही अनेकांच्या डोक्यात तोच काळ आहे. १ एप्रिल २०१२ पासूनच्या कपातीसाठी फॉर्मचा 'भाग अ' आयकर खात्याच्या 'ट्रेसेस' या संकेतस्थळावरूनच काढणे बंधनकारक झाले. २०१८-१९ या वर्षापासून 'भाग ब'ही तिथूनच निघू लागला. म्हणजे तुमचे कार्यालय आता फॉर्म १६ तयार करत नाही. ते फक्त डाउनलोड करते आणि सही करते.

मग त्यातले आकडे येतात कुठून? दरमहा पगारातून कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारजमा होतो; मार्चच्या कपातीला ३० एप्रिलपर्यंत मुदत असते. दर तिमाहीला कार्यालय '२४ क्यू' नावाचे विवरणपत्र भरते: कोणाचा किती पगार, किती कर कापला, कोणत्या चलानाने भरला. त्याच्या मुदती ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे. वर्षभराच्या पगाराचा तपशील, म्हणजे घरभाडे भत्ता, वजावटी, करपात्र उत्पन्न हे सगळे, चौथ्या तिमाहीच्या विवरणपत्राला जोडलेल्या परिशिष्टात जाते. हे सारे उत्तर प्रदेशात गाझियाबादजवळच्या वैशाली येथील प्रक्रिया केंद्रात तपासले जाते. त्यातून दोन गोष्टी निघतात. एक तुमचा फॉर्म १६, आणि दुसरी तुमच्या पॅनवर जमा कराची नोंदवही, म्हणजे फॉर्म २६ एएस.

सातबारा आणि फेरफाराचे नाते इथे जसेच्या तसे लागू पडते. २४ क्यू ही मूळ नोंद, फॉर्म १६ हा उतारा. नोंद दुरुस्त झाली की उतारा आपोआप नवा निघतो. नोंद न सुधारता कागदावरचा आकडा कोणी बदलून दिलाच, तर तो कागद गृहकर्जाच्या फाइलमध्येही टिकत नाही, कारण बँक तो २६ एएसशी ताडून पाहते.

पहिले पान वाचावे कसे

बहुतेक जण फॉर्म १६ उघडतात, थेट शेवटच्या ओळीवर जातात आणि रिफंड आहे की भरणा आहे एवढेच बघतात. पण कोणत्या चुकीने किती मनस्ताप होणार, हे पहिल्याच पानावर कळते.

सर्वांत वर दोन क्रमांक असतात. कार्यालयाचा टॅन आणि तुमचा पॅन. दोन्ही दहा अक्षरांचे, म्हणून गल्लत सोपी. टॅनमध्ये आधी चार अक्षरे, मग पाच अंक आणि शेवटी एक अक्षर असते. नागपूरच्या कार्यालयाचा टॅन 'एनजीपी' या तीन अक्षरांनी सुरू होतो. पॅनमध्ये आधी पाच अक्षरे, मग चार अंक, मग एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनमधले चौथे अक्षर 'पी' असते आणि पाचवे तिच्या आडनावाचे पहिले अक्षर. लग्नापूर्वीच्या नावाने पॅन काढलेल्या स्त्रीचे पाचवे अक्षर माहेरच्या आडनावाचेच राहते. ती चूक नव्हे. पण पॅनचे एखादे अक्षर किंवा आकडा खरोखर इकडचा तिकडे झाला असेल, तर तुमचा कर एक तर अधांतरी राहतो किंवा भलत्याच माणसाच्या खात्यावर पडतो. पॅन दिलाच नसेल, तर किमान २० टक्के दराने कपात होते.

त्याखाली चार तिमाह्यांचा तक्ता. प्रत्येक ओळीत विवरणपत्राचा पावती क्रमांक, दिलेला पगार, कापलेला कर आणि जमा केलेला कर. कापलेला आणि जमा केलेला हे दोन आकडे सारखे असायला हवेत. नसतील तर पैसे वाटेत कुठेतरी अडकले आहेत.

आणखी खाली भरण्याचे तपशील येतात: बँक शाखेचा सात अंकी बीएसआर कोड, तारीख, चलानाचा पाच अंकी क्रमांक. त्या ओळीच्या शेवटी एकच इंग्रजी अक्षर असते, ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. 'एफ' म्हणजे जुळणी पक्की झाली. 'यू' म्हणजे विवरणपत्रातले चलान सरकारी खात्यातल्या भरण्याशी जुळलेच नाही. बहुधा कोडात, तारखेत किंवा रकमेत चूक. 'ओ' म्हणजे चलानात पैसे कमी आणि त्यावर दावे जास्त. 'पी' म्हणजे तात्पुरती जमा, आणि ही भानगड फक्त सरकारी कार्यालयांची.

ती अशी. सरकारी कार्यालयात कर रोखीने बँकेत जात नाही. पगारबिलातून तो वजा होतो आणि कोषागाराच्या हिशेबात इकडून तिकडे वळता होतो. कोषागार त्याचे मासिक विवरण '२४ जी' नमुन्यात देते आणि त्याबदल्यात एक बीआयएन क्रमांक मिळतो. आहरण व संवितरण अधिकाऱ्याने आपल्या २४ क्यूमध्ये तोच क्रमांक, तीच तारीख आणि तीच रक्कम टाकायची असते. एक अंक चुकला की शंभर कर्मचाऱ्यांची एक तिमाही लटकते. म्हणून सरकारी फॉर्म १६ मध्ये 'पी' किंवा 'यू' दिसले, तर एकट्याने हेलपाटे घालू नयेत. शेजारच्या टेबलावरही तेच अक्षर निघण्याची शक्यता मोठी असते, आणि एकाच दुरुस्तीत सगळ्यांचे काम होते.

एका घरातल्या तीन चुका

शेतकऱ्याचा हा मुलगा, शिक्षिका असलेली त्याची बायको आणि मिहानमध्ये नोकरी करणारा धाकटा भाऊ, असे तीन पगारदार एका घरात आहेत असे समजू. तिघांच्या तक्रारी वरवर सारख्या दिसतात. पण तिन्हींचे औषध वेगळे.

मुलाचा २०२५-२६ चा पगार १५ लाख आणि करप्रणाली नवी. ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेली की करपात्र उत्पन्न उरते १४,२५,०००. पहिल्या ४ लाखांवर कर नाही. पुढच्या ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,०००, आणि उरलेल्या सव्वादोन लाखांवर १५ टक्क्यांनी ३३,७५०. बेरीज ९३,७५०. त्यावर ४ टक्के उपकर ३,७५०. एकूण ९७,५००, म्हणजे दरमहा ८,१२५. बाराही पगारचिठ्ठ्यांवर ८,१२५ ची कपात आहे. पण फॉर्म १६ मध्ये चौथ्या तिमाहीची ओळ कोरी, आणि २६ एएसमध्ये जमा दिसते ती फक्त ७३,१२५. तीन महिन्यांचे २४,३७५ रुपये गायब. तसेच रिटर्न भरले, तर रिटर्न तपासणारे बंगळूरूचे प्रक्रिया केंद्र २६ एएसप्रमाणे हिशेब करून तेवढ्या रकमेची, वर व्याजाची, मागणी पाठवणार. ही मूळ नोंदीतली चूक आहे. ती फक्त कंपनीच सुधारू शकते.

बायकोची गोष्ट निराळी. अनुदानित शाळेत बारा वर्षे झाल्यावर तिला वरिष्ठ वेतनश्रेणी मंजूर झाली, पण प्रस्ताव उशिरा मार्गी लागला आणि तीन वर्षांची थकबाकी एकदम एका वर्षात पडली. एकाच वर्षी उत्पन्न फुगल्यामुळे कर जास्त बसू नये, म्हणून कलम ८९ ची सवलत असते. ज्या त्या वर्षाचा पगार ज्या त्या वर्षात धरून फरक काढायचा. शाळेने ती सवलत हिशेबात धरली, फॉर्म १६ मध्ये दाखवलीही. तरी नोटीस आली. कारण ही सवलत मागायची तर नोकरदाराने स्वतः, रिटर्नच्या आधी, पोर्टलवर '१० ई' हा नमुना भरावा लागतो. तो राहिला होता. फॉर्म १६ बिनचूक, चूक घरची.

धाकट्याने ऑक्टोबरमध्ये नोकरी बदलली. दोन्ही कंपन्यांत सहा-सहा महिने, दोन्हीकडे साडेसात लाख. पहिल्या कंपनीने वर्षाचे १५ लाख धरून दरमहा ८,१२५ कापले. सहा महिन्यांचे झाले ४८,७५०. दुसऱ्या कंपनीला आधीच्या पगाराचा पत्ताच नव्हता. तिने साडेसात लाखांतून ७५,००० वजा केले. उरले पावणेसात लाख. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत सूट असल्याने तिने एक पैसाही कापला नाही. दोन फॉर्म १६, दोन्ही आपापल्या जागी अचूक. पण बेरजेत प्रमाणित वजावट दोनदा मिळाली आणि सूट नको तिथे लागली. खरा कर ९७,५००. जुलैमध्ये तो उरलेले ४८,७५० आणि त्यावरचे व्याज भरायला बसतो तेव्हा पहिला राग अकाउंट्सवर निघतो. नवीन नोकरीत रुजू होताना '१२ बी' नमुन्यात आधीच्या पगाराचा तपशील दिला असता, तर हीच रक्कम सहा पगारांत वाटली गेली असती.

म्हणून अर्ज लिहिण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: कार्यालयाने सरकारला चुकीचे कळवले, की मी कार्यालयाला कळवलेच नाही? पहिल्या प्रकाराला फेरफार लागतो. दुसऱ्यावर बहुतेक वेळा आपल्या रिटर्नमध्येच उपाय असतो. जानेवारीत विम्याची पावती द्यायची राहिली, जुनी प्रणाली हवी असताना नव्या प्रणालीने कर कापला गेला, अशा गोष्टींसाठी फॉर्म १६ बदलून घ्यायची गरज नाही. पगारदाराला वेळेत रिटर्न भरताना प्रणाली बदलता येते आणि राहिलेली वजावट पुराव्यासह मागता येते.

नागपुरातल्या दोन खुणा

भाग 'ब' तपासताना दोन आकडे झटकन पडताळता येतात. पहिला व्यवसाय कराचा. महाराष्ट्रात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे बरोबर २,५०० होतात. जुन्या प्रणालीत ही रक्कम वजा दिसायला हवी. पूर्ण वर्ष पगार घेऊनही तिथे २,४०० दिसले, तर कोणीतरी बाराला दोनशेने गुणून मोकळे झाले आहे. नव्या प्रणालीत ही वजावटच नाही, त्यामुळे तिथे शून्य दिसले तर घाबरू नये.

दुसरा आकडा घरभाड्याचा, तोही जुन्या प्रणालीपुरता. १९६१च्या कायद्याखालच्या नियमांत मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांना मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या ५० टक्क्यांची मर्यादा, बाकी सगळ्यांना ४० टक्के. नागपूर बाकीच्यांत. मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीच्या नागपूर शाखेत पगार मुंबईच्या सॉफ्टवेअरमधून निघत असेल, तर इथल्या माणसाला ५० टक्के लावले जाण्याचा धोका असतो. त्या वर्षी कर कमी बसतो, म्हणून कोणी तक्रार करत नाही. पण आपल्या फायद्याची चूक हीसुद्धा चूकच. रिटर्नवर सही आपली असते, आणि 'फॉर्ममध्ये तसेच होते' हे उत्तर पुढे चालत नाही.

अर्ज कसा करावा

तोंडी सांगणे उपयोगाचे नाही. एक पान पुरते, पण त्यात नेमकेपणा हवा. 'माझा फॉर्म १६ चुकीचा आहे, दुरुस्त करावा' असे लिहिले तर अर्ज फाइलला लागतो. त्याऐवजी असे लिहावे: 'आर्थिक वर्ष २०२५-२६, तिमाही चौथी. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च या महिन्यांत माझ्या पगारातून प्रत्येकी ८,१२५ रुपये आयकर कापला आहे. भाग अ आणि २६ एएसमध्ये ही नोंद नाही. कृपया २४ क्यूचे दुरुस्ती विवरणपत्र दाखल करून सुधारित फॉर्म १६ द्यावा.' सोबत तीन पगारचिठ्ठ्या, बँक पासबुकातल्या नोंदी आणि २६ एएसची प्रत. पोच घ्यावी किंवा ईमेल करावा.

'दुरुस्ती विवरणपत्र' हा शब्द वापरला की अकाउंट्सला कळते, समोरच्याला रस्ता माहीत आहे. ते ट्रेसेसवरून त्या तिमाहीची एकत्रित फाइल मागवतात, तिच्यात तुमची ओळ सुधारतात किंवा नवी घालतात, ती तपासून पुन्हा चढवतात. प्रक्रिया झाली की आधी २६ एएस बदलते आणि मग नवा फॉर्म १६ निघतो. त्यावर 'अखेरचे अद्ययावत' अशी तारीख असते. ती अर्जानंतरची आहे ना, एवढे बघावे.

आपले लोक अमेरिकेत नोकरी करतात तिथे याला वेगळा कागद आहे. तिकडचा वार्षिक पगार-कर फॉर्म 'डब्ल्यू-२', तो ३१ जानेवारीपर्यंत येतो. चूक निघाली तर कंपनी 'डब्ल्यू-२ सी' नावाचे दुरुस्तीपत्र देते, ज्यात आधीचा आणि नवा आकडा शेजारी-शेजारी असतात. आपल्याकडे जुना आकडा नव्या फॉर्मवर दिसत नाही. म्हणून जुनी प्रत फेकू नये.

रिटर्नची मुदत जवळ आली आणि दुरुस्ती झाली नाही, तर? रिटर्न अडवून ठेवू नये. उशिरा भरले तर ५,००० रुपयांपर्यंत शुल्क आहे. खरे उत्पन्न आणि खरी कपात दाखवून वेळेत भरावे. मागणी आलीच, तर पोर्टलवर तिला असहमती नोंदवावी. २६ एएस सुधारले की कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज टाकून पुन्हा हिशेब करून घ्यावा. जमिनीच्या दुरुस्तीचे कलम १५५, कराचे १५४. योगायोग, पण लक्षात ठेवायला सोपा.

कापला, पण भरलाच नाही

सर्वांत वाईट प्रसंग हा. कंपनीने पगारातून कर कापला आणि सरकारला दिलाच नाही. वर दारालाही कुलूप. इथे कलम २०५ नोकरदाराच्या बाजूने उभे राहते: कापला गेलेला कर त्याच्याकडून पुन्हा मागता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये अशाच एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सांगितले, की वसुली करायची तर कापणाऱ्याकडून करा. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जून २०१५ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१६ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना तशाच सूचना दिल्या. मात्र हे संरक्षण मागणी थांबवण्यापुरते भक्कम आहे; अडकलेला रिफंड त्याने सहज सुटत नाही. आणि कर कापला होता हे सिद्ध करायला पगारचिठ्ठी आणि बँकेत आलेली निव्वळ रक्कम हेच हत्यार. कंपनी सोडताना चिठ्ठ्यांची फाइल मागे ठेवून येणारा माणूस हे हत्यारही तिथेच सोडून येतो.

कार्यालय फॉर्म देतच नसेल, तर दिवसाला ५०० रुपये दंडाची तरतूद आहे. तक्रार आयकर पोर्टलवर करता येते आणि सिव्हिल लाइन्समधल्या आयकर भवनातही नेता येते. सबंध देशाचे आयकर अधिकारी नागपुरातच घडतात. छिंदवाडा रोडवरच्या प्रत्यक्ष कर अकादमीचा इतिहास १९५७ पर्यंत मागे जातो. पण इथल्या माणसाची चुकलेली ओळ सुधारायची तर ती गाझियाबाद आणि बंगळूरू फिरून येते.

दोन वर्षांची वेळ

हे सगळे लवकर करण्याला आता नवे कारण आहे. दुरुस्ती विवरणपत्राला वर्षानुवर्षे मुदतच नव्हती. दहा वर्षांपूर्वीची तिमाहीही उघडता येत असे. १ एप्रिल २०२५ पासून ती मुदत सहा वर्षांवर आली. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५च्या आयकर कायद्यात ती आणखी आक्रसून दोन वर्षे झाली आहे. नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले, पगारावरच्या कपातीचे कलम १९२ चे ३९२ झाले. कापणे, भरणे, कळवणे हा क्रम मात्र तोच राहिला. 'निवृत्तीच्या वेळी बघू' म्हणून बाजूला ठेवलेला फॉर्म १६ निवृत्तीच्या वेळी सुधारण्यापलीकडे गेलेला असेल.

खरे तर जूनची वाटही पाहायला नको. पहिल्या तिमाहीचे विवरणपत्र ३१ जुलैपर्यंत जाते, म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर २६ एएसमध्ये एप्रिल, मे, जूनचे तीन आकडे दिसायला हवेत. हिंगण्याच्या त्या मुलाला तिथे ८,१२५ तीनदा दिसले, तर पॅन बरोबर, चलान बरोबर, कार्यालय जागेवर. न दिसले, तर दुरुस्तीला तीनच महिन्यांच्या ओळी आहेत, आणि त्या भरणारा माणूस अजून त्याच टेबलावर बसलेला आहे. पीककर्जासाठी बँकेत जाण्याआधी त्याचे वडील सातबारा काढून एकदा डोळ्यांखालून घालतातच. मुलाला फोनवर दोन मिनिटे लागतील.